सतत वाचून शिकणारा संगणक: छोट्या प्रमाणावर स्वतः कसा घडवायचा

२०१० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रोग्रॅम सुरू केला. त्याचं काम एकच होतं: रात्रंदिवस वेबवरची पानं वाचायची, त्यांतून ‘ही नदी आहे’, ‘हे शहर या देशात आहे’ अशी साधी विधानं वेचायची आणि आज जे कळलं त्याच्या आधारानं उद्या जास्त चांगलं वाचायचं. त्याचं नाव नेल. सुरुवातीला त्याला १२३ प्रकार आणि ५५ संबंध दिले होते, प्रत्येक प्रकाराची दहा-पंधरा उदाहरणं दिली होती आणि वाचायला सुमारे ५० कोटी पानांचा साठा दिला होता. ६७ दिवसांनी त्याच्याकडे २,४२,४५३ विधानं जमली. त्यांतली अंदाजे ७४ टक्के बरोबर होती.

मला मात्र त्याच प्रयोगातले दुसरे तीन आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. वाचनाच्या पहिल्या एक तृतीयांश फेऱ्यांत स्वीकारलेली विधानं सुमारे ९० टक्के बरोबर होती, मधल्या फेऱ्यांतली ७१ टक्के आणि शेवटच्या फेऱ्यांतली ५७ टक्के. यंत्र जितकं जास्त वाचत गेलं, तितकं ते घसरत गेलं. याला एक कारण असं, की सोपी विधानं आधीच उचलून झाली होती आणि पुढे अवघड उरली. दुसरं कारण जास्त खोल आहे. एकदा चूक खरी मानली की यंत्र तीच चूक पुढच्या वाचनात पुरावा म्हणून वापरतं.

असं यंत्र छोट्या प्रमाणावर, साध्या लॅपटॉपवर, मराठी मजकुरासाठी कसं उभारायचं ते या लेखात सांगतो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येत असेल आणि एसक्यूलाइटसारखा साधा डेटाबेस हाताळता येत असेल तर पुरे. वाचून विधानं काढणं हे यातलं सोपं अर्धं काम. यंत्राला स्वतःच्याच चुकांवर विश्वास ठेवण्यापासून थांबवणं हे उरलेलं अर्धं, आणि लेखाचा बराचसा भाग त्याच्यावर खर्च होणार आहे.

आधी कागदावर: काय शिकवायचं?

‘सगळं जग शिकवू’ असं म्हणून सुरुवात केलीत तर महिन्याभरात हाती गोंधळ उरेल. पाच प्रकार आणि तीन संबंध घ्या. मी भूगोल घेतो, कारण बरोबर-चूक लगेच तपासता येतं. प्रकार: नदी, सरोवर, पर्वत, शहर, देश. संबंध: ‘शहर ही देशाची राजधानी’, ‘नदी देशातून वाहते’, ‘शहर नदीकाठी वसलं आहे’.

तुम्हाला फक्त नद्यांमध्ये रस असला तरी सरोवर आणि पर्वत हे प्रकार ठेवाच. एकटी नदी शिकवणं अवघड असतं. नदी, सरोवर आणि पर्वत एकत्र शिकवणं त्याहून सोपं. हे उलटं वाटतं, पण नेलमागची मूळ कल्पना हीच आहे. जे नाव सरोवर ठरलं ते नदी असू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रकार शेजारच्या प्रकाराला कुंपण घालतो.

म्हणून कागदावर दुसरी यादी करा: कोणते दोन प्रकार एकाच नावाला लागू होऊ शकत नाहीत? नदी आणि पर्वत, सरोवर आणि देश, असे जोड लिहीत जा. शहर आणि देश हा जोड मात्र या यादीत घालू नका. सिंगापूर, मोनॅको, व्हॅटिकन सिटी ही शहरंही आहेत आणि देशही. अशी चुकीची कुंपणं खरी विधानं बाहेर फेकतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग बीजं, म्हणजे सुरुवातीची उदाहरणं. प्रत्येक प्रकाराला दहा-पंधरा पुरतात, पण ती निवडून घ्या: नाईल, व्होल्गा, डॅन्यूब, टेम्स, मिसिसिपी, ऱ्हाइन, मेकाँग. ॲमेझॉन मुद्दाम घेतलेली नाही. ते नाव एका बलाढ्य कंपनीचंही आहे आणि बीजातच दोन अर्थ असले तर पहिल्याच फेरीत ‘_चं मुख्यालय’ हे नदीचं लक्षण ठरेल. दुर्मीळ नावंही टाळा, कारण ज्या नावाची साठ्यात दोनच वाक्यं आहेत त्यापासून यंत्र काही शिकू शकत नाही.

वाचायला काय द्यायचं

सुरुवात मराठी विकिपीडियाच्या संपूर्ण उतरवून घेता येणाऱ्या प्रतीपासून करा. ती मोफत मिळते, भाषा बरीचशी प्रमाण असते आणि एकाही सर्व्हरवर भार पडत नाही. पुढे कॉमन क्रॉल या ना-नफा संस्थेच्या साठ्यातली मराठी पानं घेता येतात. ‘सतत’ हा भाग त्यानंतर येतो: बातम्यांच्या आणि ब्लॉगच्या आरएसएस फीड, म्हणजे साइटवरच्या नव्या मजकुराच्या याद्या, रोज वाचायच्या.

थेट पानं उतरवणार असाल तर प्रत्येक साइटची रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइल (प्रोग्रॅमनी कोणती पानं उतरवू नयेत हे सांगणारी) आधी वाचा आणि पाळा. हा संकेत १९९४ पासून चालत आला आहे आणि २०२२ मध्ये त्याला औपचारिक मानकाचं रूप मिळालं. एका साइटवर दोन विनंत्यांमध्ये काही सेकंदांचं अंतर ठेवा. आपलं यंत्र महिनोन्महिने चालणार आहे, त्याला घाई कसलीच नाही.

प्रत्येक वाक्यासोबत तीन गोष्टी साठवा: पानाचा पत्ता, पान वाचल्याची तारीख आणि वाक्य जसंच्या तसं. यात आळस करू नका. सहा महिन्यांनी एखादं विधान चूक निघेल तेव्हा ते कुठून आलं हे शोधण्याचा हाच एक मार्ग असेल.

नकला ओळखणं इथेच उरकून घ्या. एक बातमी वीस ठिकाणी जशीच्या तशी छापली जाते. यंत्राला ते वीस साक्षीदार वाटतात, प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो. हुबेहूब नकलांसाठी वाक्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, पुरतो. थोड्याफार बदललेल्या नकलांसाठी मिनहॅश वापरा, त्यातून दोन मजकूर किती सारखे आहेत याचा अंदाज येतो. आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही उत्तम चालते आणि पायथनमध्ये तयार मिळते.

मजकूर स्वच्छ करताना मराठीत काय काय नडतं

इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेली मार्गदर्शिका हा भाग दोन ओळींत संपवते. आपल्याकडे इथेच निम्मं यश ठरतं.

‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकलं जातं. एक, स्वतंत्र अक्षर म्हणून. दोन, ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र वेगवेगळी. युनिकोडचं (संगणकात अक्षरं साठवण्याच्या मानकाचं) नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं, त्यांना एक करत नाही, तो नियम तुम्हालाच लिहावा लागतो. तो लिहिला नाहीत तर तुमच्या साठ्यात दोन ॲमेझॉन नद्या आणि दोन ॲटलास पर्वत राहतील आणि प्रत्येकाच्या वाट्याला निम्माच पुरावा येईल.

दुसरा सापळा ‘ऱ्या’मधल्या अर्ध्या र चा. तोही दोन रीतींनी लिहिला जातो: एकात ‘ऱ’ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या ‘र्’ नंतर न दिसणारं जोडचिन्ह असतं. बरेच तयार प्रोग्रॅम न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकतात. तसं केलं की दुसऱ्या रीतीनं लिहिलेल्या ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. डोंगरांमधल्या दऱ्यांचा एका फटक्यात समुद्र! माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमकं हेच झालं होतं आणि पर्वतांच्या वाक्यांत दर्या कुठून आला हे समजायला बराच वेळ गेला. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी जोडचिन्हवाल्या रूपाचं ‘ऱ’मध्ये रूपांतर करा, मगच न दिसणारी चिन्हं काढा.

अंकही एकाच रूपात आणा, १९९७ आणि त्याचं इंग्रजी अंकांतलं रूप वेगळं राहू देऊ नका. वाक्यं तोडताना ‘डॉ.’, ‘इ.स.’, ‘कि.मी.’ यांतल्या टिंबांवर वाक्य तुटणार नाही याची यादी ठेवा.

इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं, त्यामुळे नावं ओळखायला आयता आधार मिळतो. देवनागरीत तो नाही. उलट आपल्याकडे नावाला विभक्ती चिकटते: अमेरिकेत, अमेरिकेच्या, अमेरिकेहून. हे सगळं ‘अमेरिका’ आहे हे यंत्राला कळायला हवं. शेवटचे प्रत्यय काढायचे आणि उरलेल्या रूपाच्या शेवटी ‘े’ असेल तर ‘ा’ लावूनही पाहायचं, हा पहिला उपाय. परदेशी नावं लोक दोन्ही प्रकारे चालवतात, ‘व्होल्गेच्या काठी’ आणि ‘व्होल्गाच्या काठी’, म्हणून दोन्ही वाटा खुल्या ठेवा.

आंधळेपणानं प्रत्यय काढलेत तर मात्र अनर्थ होतो. ‘त’ काढलात की भारताचा ‘भार’ होतो. ‘ला’ काढलात की अंगोलाचा ‘अंगो’ आणि व्हेनेझुएलाचा ‘व्हेनेझुए’. ‘ची’ काढलीत की कराचीची ‘करा’. यावर मला सापडलेला सर्वांत भरवशाचा नियम असा: प्रत्यय काढल्यावर उरलेलं रूप साठ्यात इतरत्र, किमान दोन वेगवेगळ्या प्रत्ययांसह दिसत असेल तरच ते मूळ रूप माना. ‘अमेरिके’ला त, च्या, हून असे अनेक प्रत्यय लागलेले सापडतात. ‘अंगो’ला ‘ला’शिवाय काहीच लागत नाही, उलट ‘अंगोलाच्या’, ‘अंगोलात’ सापडतं, म्हणजे मूळ शब्द अंगोला. ‘भार’ आणि ‘करा’ मात्र स्वतःच मराठी शब्द असल्यामुळे या चाळणीतूनही निसटतात. अशा शब्दांची अपवाद-यादी हातानं करावी लागते. ती फार लांब होत नाही.

बीजांपासून साच्यांकडे

१९९२ मध्ये मार्टी हर्स्ट यांनी दाखवलं की ठरावीक शब्दरचना पाहून, अर्थ न समजताही, कोण कोणत्या प्रकारात मोडतं ते ओळखता येतं. मराठीत अशा रचना म्हणजे ‘_ यांसारख्या नद्या’, ‘_ आणि इतर नद्या’, ‘_ ही नदी’. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन यांनी पुढचं पाऊल टाकलं. फक्त पाच पुस्तकं आणि त्यांचे लेखक एवढं बीज घेऊन, ती जोडी जिथे जिथे दिसते तिथली रचना उचलायची, त्या रचनेतून नव्या जोड्या शोधायच्या, नव्या जोड्यांतून नव्या रचना. अशा फेऱ्यांतून १५ हजारांहून जास्त जोड्या मिळाल्या. आपलं यंत्र याच चक्रावर चालतं.

प्रत्यक्ष कृती अशी. प्रत्येक बीज ज्या वाक्यांत येतं ती सगळी वाक्यं काढा. बीजाच्या जागी रिकामी जागा ठेवा आणि आजूबाजूचे दोन ते चार शब्द उचला. नाईल, टेम्स, डॅन्यूब यांच्याभोवती ‘_च्या काठी वसलेलं’, ‘_च्या खोऱ्यात’, ‘_चा उगम’, ‘_ला पूर आला’ असे साचे गोळा होतील. मग त्या साच्यांत दुसरं कोण कोण बसतं ते पाहा. ते तुमचे उमेदवार.

उमेदवारांची पहिली यादी डोळ्यांखालून घाला, फार शिकायला मिळतं. ‘आईसारख्या नद्या’ या रचनेतून ‘आई’ नदी ठरलेली दिसेल, कारण ‘सारखा’ हा शब्द आपण उदाहरणासाठीही वापरतो आणि उपमेसाठीही. ‘यांसारख्या’ ही रचना उपमेत क्वचितच येते, म्हणून नुसत्या ‘सारख्या’पेक्षा तिला जास्त वजन द्या. ‘लोकशाहीचा उगम’, ‘भाषेचा उगम’ ही वाक्यं लोकशाहीलाही नदी करतील.

संबंध शिकवताना वाक्याचा शेवट पाहिल्याशिवाय कोणताही साचा जुळवू नका. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकारही तिथेच येतो. ‘सिडनी ही ऑस्ट्रेलियाची राजधानी’ एवढं वाचून यंत्र खूश होईल, आणि पुढे ‘नाही’ असेल. (राजधानी कॅनबेरा आहे, आणि या गैरसमजाबद्दल इतकं लिहिलं जातं की असली वाक्यं साठ्यात हटकून सापडतात.) ‘होती’, ‘होणार’, ‘असा समज आहे’, ‘असं म्हटलं जातं’ हे शेवटही वेगळे नोंदवा. तीन-चार क्रियापदांच्या यादीनं जितक्या चुका वाचतात, तितक्या मोठ्या युक्त्यांनीही वाचत नाहीत.

गुण कसे द्यायचे

साच्याचा गुण साधा ठेवा: त्यात बसलेल्या वेगवेगळ्या नावांपैकी किती नावं आधीच त्या प्रकारात पक्की आहेत, याचं प्रमाण. समजा ‘_च्या काठी वसलेलं’मध्ये ४० नावं बसली, २२ माहीत असलेल्या नद्या, ६ माहीत असलेली सरोवरं, १२ अनोळखी. गुण ०.५५. परस्परविरोधी प्रकारातली नावं ६ आहेत आणि बरोबर नावं त्यांच्या तिपटीहून जास्त, म्हणून साचा राहू दे. ‘_चा उगम’मध्ये ५० पैकी ९ नद्या आणि ४१ अनोळखी असतील तर गुण ०.१८. हा साचा सोडून द्या, जरी माणसाला तो नदीचा अस्सल साचा वाटत असला तरी.

उमेदवाराचा गुण त्याला आधार देणाऱ्या साच्यांवरून काढायचा. ०.५५ आणि ०.६ गुणांच्या दोन साच्यांत तो सापडला, तर दोन्ही एकदम चुकण्याची शक्यता ०.४५ गुणिले ०.४, म्हणजे ०.१८, विश्वास ०.८२. तिसरा ०.५ गुणांचा साचा मिळाला की विश्वास ०.९१. पण हा हिशेब साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. तिन्ही साचे एकाच पानावरचे असतील तर त्यांना एकच धरा.

घसरण, आणि तिला घातलेली कुंपणं

नेलच्या इतिहासातला एक किस्सा मला कायम आठवतो. त्यानं ‘इंटरनेट कुकीज’ बेकरीच्या पदार्थांत टाकल्या. मग ‘मी माझ्या इंटरनेट कुकीज डिलीट केल्या’ अशी वाक्यं वाचून, जे डिलीट करता येतं ते बेकरीचं असावं असा त्याचा ग्रह झाला आणि पाठोपाठ संगणकातल्या फाइल्सही बेकरीत गेल्या. चुकीचं एक नाव, त्यातून चुकीचा एक साचा, आणि त्या साच्यातून ओढली जाणारी नावांची रांग. अर्थाची घसरण म्हणतात ती हीच. ती हळूहळू होते आणि आतून पाहिलं तर सगळं सुरळीत दिसतं, कारण यंत्राचे गुण त्याच्या स्वतःच्याच समजुतींवर बेतलेले असतात.

पहिलं कुंपण आपण कागदावर घातलंच आहे: परस्परविरोधी प्रकार. व्हिक्टोरिया हे सरोवर आहे हे पक्कं असेल, तर ‘व्हिक्टोरियाच्या काठी’ वाचून ती नदी होणार नाही.

पण लोकशाही, भाषा, प्रतिक्रिया हे शब्द आपल्या पाचांपैकी कोणत्याच प्रकारात नाहीत, त्यामुळे त्यांना अडवणारं कुणी नसतं. ‘प्रतिक्रियांचा पूर आला’ हे वाक्य त्यांना सरळ नदीत ढकलतं. यावरचा उपाय मला उशिरा सुचला, तुम्ही तो पहिल्या आठवड्यातच करा. जो कचरा वारंवार आत येतो त्याला स्वतःचा प्रकार द्या: ‘अमूर्त कल्पना’, ‘संस्था आणि कंपन्या’, ‘माणसं’. त्यांचीही दहा-पंधरा बीजं द्या. आपल्याला या प्रकारांचं ज्ञान नको असतं, त्यांचं कुंपण हवं असतं.

दुसरं कुंपण संबंधांचं. ‘शहर ही देशाची राजधानी’ या संबंधात डाव्या बाजूला शहरच हवं आणि उजव्या बाजूला देशच. ‘फॅशनची राजधानी पॅरिस’ हे वाक्य साच्यात अचूक बसतं, पण फॅशन हा देश नाही म्हणून ते गळतं. उलट दिशेनंही उपयोग होतो: चार वेगळ्या ठिकाणी एखादं नाव राजधानी म्हणून आलं तर ते शहर असल्याचा तो चांगला पुरावा आहे.

तिसरं कुंपण सर्वांत भक्कम. एकाच प्रश्नाकडे वेगवेगळ्या नजरेनं पाहणारे दोन-तीन वाचक, म्हणजे प्रोग्रॅमचे वाचणारे स्वतंत्र भाग, ठेवा. १९९८ मध्ये ॲव्हरिम ब्लम आणि टॉम मिचेल यांनी दाखवलं होतं की एकाच गोष्टीची दोन पुरेशी स्वतंत्र दर्शनं असतील, तर थोड्याशा उदाहरणांवर शिकलेले दोन शिकाऊ एकमेकांना शिकवू शकतात. आपला पहिला वाचक साचे पाहतो. दुसऱ्याला शब्दाचा आकार पाहू द्या: ‘लँड’, ‘स्तान’, ‘निया’ असे शेवट देशांना असतात. तिसऱ्याला पानांवरची कोष्टकं आणि याद्या पाहू द्या: ज्या यादीत चार माहीत असलेल्या नद्या आहेत, तिथली पाचवी ओळही बहुधा नदीच असते. एकट्या आकारावर विसंबलात तर ‘कब्रस्तान’ हा देश होईल. पण साचेवाल्या वाचकाला कब्रस्तानची राजधानी कुठेच सापडणार नाही, आणि यादीवाल्या वाचकाला ते युरोप-आशियाच्या कुठल्या कोष्टकात दिसणार नाही. चुका प्रत्येकाच्या होतात, पण वेगवेगळ्या होतात. ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते.

बढती आणि माघार

उमेदवार आणि पक्की समजूत ही दोन वेगळी कोष्टकं ठेवा. नेलमध्ये एखाद्याच वाचकानं ०.९ हून जास्त विश्वासानं सांगितलं, किंवा अनेक वाचकांनी थोड्या कमी विश्वासानं एकच गोष्ट सांगितली, तर उमेदवाराला बढती मिळे. छोट्या यंत्रासाठी मी याहून कडक नियम सुचवेन: किमान दोन वाचक, किमान तीन वेगवेगळी संकेतस्थळं, आणि एका फेरीत एका प्रकाराला जास्तीत जास्त पंचवीस बढत्या. पंचविसाची मर्यादा जाचक वाटते, पण तिच्यामुळे चूक झाली तरी ती लहान असतानाच सापडते.

२०१० च्या नेलमध्ये एकदा बढती मिळालेली समजूत पुन्हा खाली येत नसे. तुम्ही असं करू नका. प्रत्येक समजुतीशी तिचे साचे आणि वाक्यं जोडलेली असली की एखादा साचा बाद ठरल्यावर फक्त त्याच्याच आधारावर उभ्या असलेल्या सगळ्या समजुती आपोआप उमेदवार-कोष्टकात परत पाठवता येतात, आणि त्यांच्यामुळे जन्मलेले साचेही. शिवाय प्रत्येक फेरीआधी डेटाबेसची पूर्ण प्रत काढून ठेवा. घसरण चार फेऱ्यांनंतर लक्षात आली तर चार फेऱ्या मागे जाणं हाच शहाणपणाचा रस्ता असतो.

रोजची पंधरा मिनिटं

नेल पहिले सुमारे सहा महिने जवळजवळ एकटं चाललं. नंतर संशोधकांनी दर दोन आठवड्यांनी प्रत्येक प्रकारावर पाचेक मिनिटं नजर टाकून ढळढळीत चुका दुरुस्त करायला सुरुवात केली. तुमचे प्रकार थोडे आहेत, तेव्हा रोज पंधरा मिनिटं द्या.

ती मिनिटं समजुती तपासण्यात घालवू नका, साचे तपासण्यात घालवा. एक चुकीचं नाव काढलंत तर एक चूक गेली. एक चुकीचा साचा काढलात तर त्यातून येणारी पुढची सगळी रांग थांबली. रोज नव्यानं स्वीकारलेले साचे सर्वांत वर दाखवणारा छोटा पडदा बनवा, प्रत्येकाखाली पाच वाक्यं आणि ‘ठेवा’, ‘काढा’ अशी दोन बटणं.

मोजमाप वेगळं करा. महिन्यातून एकदा प्रत्येक प्रकारातल्या शंभर समजुती यदृच्छया निवडा आणि हातानं तपासा. शंभरांत ऐंशी बरोबर निघाल्या तर खरं प्रमाण साधारण ७२ ते ८८ टक्क्यांच्या दरम्यान आहे असं समजा. त्याहून बारीक फरकावरून निष्कर्ष काढू नका. एकूण टक्केवारीत समाधान मानू नका. देश ९८ टक्के आणि सरोवरं ४० टक्के असली तरी सरासरी चांगली दिसते. आणि नव्या समजुतींचं प्रमाण जुन्यांपासून वेगळं काढा. लेखाच्या सुरुवातीचे ९०, ७१, ५७ हे आकडे तसे वेगळे काढले म्हणूनच दिसले. सगळं एकत्र मोजून ७४ एवढंच हाती आलं असतं.

जग बदलतं, त्याचं काय?

कझाकस्तानची राजधानी १९९७ पर्यंत अल्माटी होती, मग अस्ताना झाली. २०१९ मध्ये त्याच शहराचं नाव नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. यंत्र जुनी-नवी पानं एकत्र वाचतं, त्यामुळे तिन्ही नावांना भरपूर पुरावा मिळेल आणि ‘देशाला राजधानी एकच’ असा नियम घातला असेल तर सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं नाव जिंकेल, सर्वांत ताजं नव्हे. म्हणून समजुतीला तारखा जोडा: पहिल्यांदा कोणत्या तारखेच्या मजकुरात दिसली, शेवटी कोणत्या. दोन समजुती भिडल्या तर आधी तारखा पाहा, मग संख्या.

आणि ‘राजधानी एकच’ हा नियमही पक्का नाही. दक्षिण आफ्रिकेला तीन आहेत: प्रिटोरिया, केपटाउन आणि ब्लूमफाँटेन. असे नियम तोडणारे उमेदवार यंत्रानं फेकू नयेत, तुमच्या पंधरा मिनिटांच्या यादीत टाकावेत.

हीच काळजी यंत्रानं स्वतः शोधलेल्या नियमांबाबत. पुरेशा समजुती जमल्या की ती पाहून ‘शहर एका नदीकाठी आहे आणि नदी एका देशातून वाहते, तर शहर त्या देशात आहे’ असे नियम सुचवता येतात. टेम्ससाठी हा बरोबर निघतो. डॅन्यूब दहा देशांतून वाहते आणि तिच्या काठी व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि बेलग्रेड या चार राजधान्या आहेत. तिथे हाच नियम एका शहराला दहा देशांत नेऊन बसवेल. सुचवलेला प्रत्येक नियम माणसानं मंजूर केल्याशिवाय लागू करू नका.

मोठी भाषा-मॉडेलं असताना हे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. मोठं मॉडेल, म्हणजे प्रचंड मजकुरावर शिकवलेलं, प्रश्नांना उत्तरं देणारं न्यूरल नेटवर्क, याहून कितीतरी जास्त जाणतं. पण ते अमुक गोष्ट कोणत्या वाक्यावरून शिकलं हे सांगता येत नाही, त्यातलं एकच चुकीचं विधान काढून टाकणं अवघड असतं, आणि एका तारखेनंतरचं जग त्याला ठाऊक नसतं. नव्या मजकुरावर त्याला पुढे शिकवत राहिलं तर ते जुनं विसरूही शकतं. न्यूरल नेटवर्कमधलं हे विस्मरण १९८९ पासून ओळखीचं आहे. आपल्या यंत्रातल्या प्रत्येक समजुतीला पत्ता, तारीख आणि वाक्य आहे.

दोन्ही एकत्र वापरायचे असतील तर मॉडेलला चौथा वाचक करा. त्याला वाक्य द्या आणि विचारा, ‘या वाक्यानुसार अमुक शहर अमुक देशाची राजधानी आहे का?’ उपमा, नकार, ऐकीव माहिती ओळखण्यात ते साच्यांपेक्षा फार सरस आहे. पण ‘तुला काय वाटतं, ही राजधानी आहे का?’ असं विचारून त्याचं उत्तर पुरावा म्हणून मोजू नका. मॉडेलही याच वेबवर शिकलेलं आहे, त्यामुळे तीच साक्ष दुसऱ्यांदा मोजली जाईल.

एक सावधगिरी नव्यानं लागू लागली आहे. वेबवर आता यंत्रांनी लिहिलेला मजकूर वाढतो आहे. मॉडेलांना पुन्हा पुन्हा मॉडेलांच्याच मजकुरावर शिकवलं तर ती ढासळत जातात, असं २०२४ मध्ये नेचर या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या संशोधनानं दाखवलं. आपल्या यंत्रालाही तोच धोका आहे, फक्त आता चक्र जास्त लांबचं: कुणाच्या तरी यंत्राची चूक, त्यावरून लिहिलेलं पान, ते वाचून आपल्या यंत्राची समजूत. म्हणून असा मजकूर वाढण्यापूर्वीच्या, म्हणजे २०२२ आधीच्या मजकुराचा एक साठा वेगळा, न बदलता जपून ठेवा. जी समजूत केवळ नव्या पानांवर उभी आहे आणि जिचा विषय जुना आहे, म्हणजे एखादी नदी, पर्वत किंवा सरोवर, ती या जुन्या साठ्यात शोधा. हजारो वर्षं वाहणारी नदी जुन्या मजकुरात एकदाही सापडत नसेल, तर तिला बढती देण्याआधी ती सांगणारी वाक्यं स्वतः उघडून वाचा.